हुंडीची नाणी आणि मोजणीचे यंत्र

नाणी निवडणाऱ्या स्वस्त यंत्राला नाण्याचा एकच गुण कळतो, तो म्हणजे व्यास. नाण्यावर आकडा कोणता आहे, ते कोणत्या साली पडले, धातू कोणता, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. भारतात तर ती सर्वांत आधी सांगायला हवी, कारण आपल्याकडे एकाच व्यासाची वेगवेगळ्या किमतींची नाणी एकाच वेळी चलनात आहेत.

नाणी मोजण्याची साधने दक्षिणेत नवी नाहीत. तंजावरच्या मराठी राजवटीत (१६७६ ते १८५५) हिशेब चक्रम आणि पणम या नाण्यांत चालत. पणम म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढे नाणे. असली नाणी चिमटीने मोजत बसणे अशक्यच. दक्षिणेतल्याच त्रावणकोरात यासाठी लाकडी फळी वापरत. फळीवर नाण्याच्या मापाचे उथळ खळगे रांगेने कोरलेले असत. मूठभर नाणी टाकून फळी हलवायची. प्रत्येक खळग्यात एक नाणे बसले की वरची जादा नाणी हाताने लोटून द्यायची. खळग्यांची संख्या ठरलेली, त्यामुळे भरलेली फळी म्हणजे ठरलेली रक्कम. खळग्यात चुकीचे नाणे बसले तर डोळ्यांना लगेच दिसे. आजच्या बंद डब्याच्या यंत्रात नेमकी हीच सोय नाही.

आजची यंत्रे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले निवडयंत्र. वरच्या भांड्यात मिसळलेली नाणी ओततात, फिरती तबकडी ती एकेक करून उतरत्या पट्टीवर सोडते. पट्टीला लहानापासून मोठ्यापर्यंत भोके असतात. नाणे आपल्या मापाच्या भोकातून खालच्या खणात पडते, पडताना प्रकाशाचा किरण तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. कोणत्या भोकाला किती रुपये धरायचे हे यंत्रात आधीच भरून ठेवलेले असते. दुसरे मोजणीयंत्र. यात एकाच प्रकारची नाणी टाकायची, व्यास आणि जाडी फिरकीने लावायची. शंभर झाली की यंत्र थांबते आणि तोंडाशी लावलेली पिशवी भरते. तिसऱ्या प्रकारात नाणे तारेच्या वेटोळ्याजवळून जाते आणि विद्युत्चुंबकीय बदलावरून धातूही ओळखला जातो. पोलाद, पितळी मिश्रधातू आणि दोन धातूंचे नाणे यांतला फरक या यंत्राला कळतो. त्याची किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त असते, आणि लहान देवळाचे पंच पहिल्याच प्रकाराकडे वळतात ते यामुळेच.

आता नाण्यांची मापे पाहावीत. १९९२ पासून निघालेला पोलादी रुपया २५ मिलिमीटरचा, वजन ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेत रुपया २२ मिलिमीटरचा झाला आणि दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरवर आले, वजन तेच ४.८५ ग्रॅम, धातूही पोलादच. म्हणजे जुना रुपया आणि २०११ चे दोन रुपये यांत व्यास, वजन, धातू सगळे सारखे. फरक फक्त छापाचा. त्याआधीचे गोल दोन रुपये जवळपास २७ मिलिमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याएवढेच. पाच रुपये बराच काळ २३ मिलिमीटरचे होते. २०१९ च्या मालिकेत अंध व्यक्तींच्या सोयीसाठी किमतीप्रमाणे माप वाढत नेले : रुपया २०, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा रुपये २७ आणि बारा बाजूंचे वीस रुपये तेही २७. हेतू चांगला होता. पण जुनी नाणी चलनातून काढलेली नाहीत. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या भोकातून रुपया, दोन रुपये आणि पाच रुपये अशी तिन्ही नाणी पडतात, आणि यंत्र तिघांना एकच किंमत लावते.

प्रस्तुत लेखकाकडे तंजावरच्या एका लहान देवळाच्या हुंडीचा, म्हणजे दानपेटीचा, हिशेब आहे. या देवळासाठी घेतलेल्या यंत्रात २०११ ची मापे भरलेली होती. पुरवठादाराच्या माणसाने दाखवण्यासाठी स्वतःची पिशवी आणली होती, तीत सगळी एकाच मालिकेची कोरी, चकचकीत नाणी. ती सरसर पडली, बेरीज बिनचूक आली, पंचांनी माना डोलावल्या. देवळाचीच नाणी टाकून पाहू, अशी सूचना प्रस्तुत लेखकाने तेव्हाच केली होती. ‘आधी मशीन सेट होऊ द्या’ म्हणून ती टाळण्यात आली.

चूक उघड झाली ती बँकेच्या खिडकीवर. दहा रुपयांची म्हणून बांधलेली पिशवी रोखपालाने काउंटरवर ओतली. दुरंगी नाण्यांत पांढरीफटक दोन रुपयांची नाणी पसरलेली होती, आणि मधूनच बारा बाजूंचे एखादे वीसचे. हजाराच्या पिशवीत दहा नाणी दोनाची निघाली तर ऐंशी रुपये कमी पडतात. पाचाच्या पिशवीत नवे दोन रुपये, दोनाच्या पिशवीत जुना रुपया आणि नवे पाच. कुठे रक्कम कमी, कुठे जास्त, आणि यंत्राच्या कागदी पट्टीवर मात्र छापील, नीटनेटकी बेरीज. छापील आकडा आणि बँकेची पावती यांत फरक दिसला की संशय हिशेबनिसावर येतो. तसा तो आला. पिशव्या सर्वांसमोर पुन्हा हाताने मोजल्या तेव्हा एकूण नाण्यांची संख्या तंतोतंत जुळली. फक्त किमती चुकलेल्या होत्या. एकही नाणे कमी नव्हते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवणे आवश्यक आहे.

पुरवठादाराचे उत्तर असे की नाणी जुनी आणि मळकी आहेत, यंत्रात दोष नाही. नाणी जुनी असतात म्हणूनच यंत्र लागते. २०१९ ची मापे भरून देण्यासाठी वेगळे शुल्क मागितले गेले, आणि ती भरल्यावर चूक नाहीशी न होता फक्त उलटी झाली : आता जुने पाच रुपये दोन म्हणून मोजले जाऊ लागले आणि जुना रुपया पाच म्हणून. व्यासावर चालणाऱ्या यंत्रात मापांचा असा कोणताही संच नाही की जो सगळी चालू नाणी बरोबर ओळखेल. हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

मळाचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. हुंडीतल्या नाण्यांना कुंकू, हळद, विभूती, तेल लागलेले असते. मारीअम्मन देवीच्या देवळांत नवसाचे डोळे, हात, पाय यांचे पातळ चांदीचे पत्रे आणि मिठाचे खडेही पेटीत येतात. तेलकट नाणे पट्टीवर चिकटते, मागचे त्याच्यावर चढते आणि दोन मिळून एक मोजले जाते. कुंकवाची पूड प्रकाशाच्या डोळ्यावर बसली की आकडा पुढे सरकतच नाही. म्हणून नाणी आधी जाड चाळणीतून चाळून पत्रे, सेफ्टी पिना, मणी काढावेत, कोरड्या फडक्यात घोळावीत, आणि रोज काम संपल्यावर तो डोळा मऊ ब्रशने पुसावा. पाण्याने धुतलेली नाणी पूर्ण वाळल्याशिवाय टाकू नयेत.

घेण्यापूर्वी काय करावे? आपल्या पेटीतली, न निवडलेली नाणी न्यावीत आणि आधी हाताने मोजून आकडा बंद पाकिटात ठेवावा. नमुन्यात जुना मोठा रुपया, २०११ चे दोन रुपये, जुने मोठे दोन रुपये, दोन्ही मालिकांचे पाच आणि वीसचे नाणे असलेच पाहिजे. नाण्याची ओळख व्यासावर होते की धातूवरही, हे बिलावर लिहून घ्यावे. धातू ओळखणारे महागडे यंत्रही २५ मिलिमीटरचा रुपया आणि दोन रुपये वेगळे करू शकणार नाही, कारण त्यांचा धातू एकच. तिथे छाप पाहणारा कॅमेरा किंवा माणसाचा डोळाच लागतो. सही करण्यापूर्वी कागद नीट वाचावेत, घाई करू नये. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही, हे दुकानदारांनी विशेष ध्यानात ठेवावे.

यंत्र आधीच घरात आले असेल तर त्याच्या रुपयांच्या बेरजेकडे पाहू नये. त्याला चाळणीसारखे वापरावे : मापाप्रमाणे ढीग पाडून घ्यावेत, २३, २५ आणि २७ चे ढीग पांढऱ्या कापडावर पसरून डोळ्यांनी निवडावेत, मग एकेक प्रकार पुन्हा टाकून शंभर-शंभरच्या पिशव्या भराव्यात. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या सोयीच्या पडतील असे सुचवले आहे, आणि रुपया-दोन रुपयांची नाणी वजनाने घेता येतील असेही म्हटले आहे. वजनाचा मार्ग सरळ वाटतो, पण एक रुपयाची शंभर नाणी १९९२ च्या मापाची असतील तर ४८५ ग्रॅम, २०११ ची ३७९ आणि २०१९ ची ३०९ ग्रॅम भरतात. मिसळलेल्या पिशवीचे वजन काहीच सांगत नाही.

तमिळनाडूत अनेक दुकानदार दहाचे नाणे घेत नाहीत, म्हणून ते देवाच्या पेटीत जास्त येते. दहाच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही छाप वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केले आहे. ते पत्रक छापून जवळ ठेवावे. बँकेची अडचणही समजून घ्यावी लागते. नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, अशी तक्रार २०२३ साली शिर्डीच्या साई संस्थानालाही करावी लागली होती. शाखेला आधी कळवून, गर्दी नसलेल्या वेळी, थोड्या-थोड्या पिशव्या न्याव्यात आणि प्रत्येक पिशवीवर नाण्याची किंमत, मालिका व मोजणाऱ्या दोघांच्या सह्या असाव्यात.

या देवळात यंत्र आता फक्त ढीग पाडण्यापुरते चालते. पुरवठादाराने ते परत घेतलेले नाही, आणि मापे बदलण्याचे घेतलेले शुल्कही परत केलेले नाही.