बंद प्रकल्पाची जमीन तपासताना

बंद झालेल्या अणुप्रकल्पांच्या जागा मोकळ्या करण्याआधी तिथे किरणोत्सार किती उरलाय ते तपासणं, हे अमेरिकेतलं माझं काम. हाताशी ‘मार्सिम’ असते : चार केंद्रीय खात्यांनी मिळून १९९७ मध्ये काढलेली मार्गदर्शिका. तिच्यासोबत काम करताना पटत गेलेलं हे.

१. जमीन दूषितच आहे, असं धरून चाला. मार्सिमचं मूळ गृहीतक तेच. ते खोटं पाडणं आपल्यावर. नमुने कमी पडले, तर जमीन अडकून राहते. उद्या तिथे घर बांधणाऱ्याचा विचार केला, तर हेच न्याय्य.

२. तुलनेची जागा निवडण्यात कंजूषपणा नको. युरेनियम, थोरियम प्रत्येक मातीत असतंच. म्हणून तशीच माती असलेली, पण प्रकल्पाची झळ न लागलेली जागा शोधावी लागते. कोबाल्ट-६० निसर्गात नसतं. तिथे तुलनेच्या जागेशिवाय, ‘साइन टेस्ट’ या साध्या सांख्यिकी कसोटीवर भागतं.

३. क्रमांकांवर विश्वास ठेवा. अशा जमिनीच्या नोंदी बहुधा लहान असतात आणि मोजक्याच फार मोठ्या. त्या सरासरीला ओढून नेतात. फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये मांडलेली कसोटी आकड्यांऐवजी त्यांचे क्रम बघते. तुलनेच्या जागेच्या प्रत्येक नोंदीत आम्ही परवानगीची मर्यादा मिळवतो, दोन्हीकडच्या नोंदी एकत्र चढत्या क्रमाने लावतो आणि तुलनेच्या जागेच्या वाट्याला आलेले क्रमांक बेरजेला घेतो. बेरीज तक्त्यातल्या आकड्याच्या वर गेली, तरच जमीन उत्तीर्ण. नव्या माणसाकडून हे मी एकदा कागदावर करवून घेतेच. सॉफ्टवेअर उत्तर देतं; जमीन का सुटली, हे हाताने केल्यावर कळतं.

४. मात्र क्रमांकाला तीव्रता कळत नाही. सर्वांत मोठी नोंद मर्यादेच्या दुप्पट असो वा वीसपट, तिचा क्रमांक तोच. म्हणून कसोटी पार पडली तरी मर्यादेवरची प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासायची. सर्वांत संशयित, पहिल्या वर्गातली जमीन तर डिटेक्टर घेऊन इंचन् इंच पालथी घालायची.

५. ‘काही सापडलं नाही’ म्हणून शून्य लिहू नका. यंत्राने दिलेला आकडा, उणे आला तरी, तसाच नोंदवा. प्रयोगशाळेला काम सुरू होण्याआधीच हे सांगा, कारण ४० टक्क्यांहून जास्त नोंदी नुसत्या ‘इतक्यापेक्षा कमी’ अशा आल्या, तर विल्कॉक्सनची कसोटी वापरताच येत नाही.