मांजर द्यायला एवढी चौकशी कशाला?

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी पुण्यातल्या एका संस्थेकडं मांजराचं पिल्लू मागितलं. त्यांनी खिडक्यांचे फोटो मागितले, घर भाड्याचं का विचारलं, शाकाहारी आहात का विचारलं आणि शेवटी नाहीच म्हणाले. आमच्याकडं गल्लीत फुकट मिळणाऱ्या जनावरासाठी सोयरीक जुळवल्यासारखी चौकशी कशापायी?
— एक वाचक, हदगाव

उत्तर : चौकशी तुमच्या चांगुलपणाची नसते. आधी दिलेली मांजरं कशी गेली किंवा परत का आली, त्यावरून हे प्रश्न तयार झालेले असतात. खिडकीचंच घ्या. न्यूयॉर्कमध्ये पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं एकाच दवाखान्यात आली होती. त्यावरचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांतली नव्वद टक्के वाचली, पण छातीला मार, जबडा मोडलेला. म्हणून फ्लॅटवाल्यांना आधी जाळी विचारतात.

तुमच्या घराला हा प्रश्न कितपत लागू आहे? बैठं घर असेल तर फारसा नाही, आणि काही संस्थांचे फॉर्म फ्लॅटपलीकडचं घर ओळखतच नाहीत, हे खरं. हदगावात मी वेगळं विचारलं असतं. घर नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागून आहे का? सोयाबीन, हळदीची पोती घरात असतात का आणि उंदरांना औषध घालता का? औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला, तर तेही दगावू शकतं. मांजर ठेवायचं तर औषध बंद.

शाकाहाराचा प्रश्न खोचक वाटतो, पण त्यात तथ्य आहे. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून मिळतो. कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. गल्लीतलं मांजर दूध-भाकरीवर जगलेलं दिसतं, ते उंदरांच्या जिवावर! दाराआडच्या मांजराला ती सोय नाही. तुम्ही मांस खायची गरज नाही. मांजराचं तयार खाद्य घरात चालेल का, एवढंच त्यांना हवं असतं.

भाड्याच्या घराचं कारण सरळ आहे : मालक नको म्हणाला की मांजर रस्त्यावर. घरात तान्हं मूल असेल तर बुजरं मांजर देत नाहीत, दिवसभर घराला कुलूप असेल तर एकटं पिल्लू देत नाहीत. दोन घ्या म्हणतात.

माझ्या मते खऱ्या अटी दोनच. नसबंदी करणार का, आणि जमलं नाही तर मांजर आम्हालाच परत देणार का? पाच-सहा महिन्यांची मादी गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. परत द्यायची अट बहुतेक करारांत असते. तुमचा नकार इथेच ठरला असावा : हदगावला येऊन घर बघणं किंवा मांजर परत नेणं त्यांना झेपणारं नाही.

तेव्हा गल्लीतलंच घ्या. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. मात्र दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात मुलीनं रोज हाताळलं, तर ते माणसाळतं. लसीसाठी जनावरांच्या दवाखान्यात न्या. शस्त्रक्रिया तिथे होत नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा.