करडांमधील फुफ्फुसदाह : कोंडलेल्या हवेचा धोका

हिवाळ्यात करडे दगावली की दोष थंडीला दिला जातो आणि गोठ्याला आणखी गोणपाटे लावली जातात. अनेकदा चूक तेथेच होते. फुफ्फुसदाहास कारणीभूत ठरणारे मॅनहायमिया व पाश्चुरेला हे जिवाणू निरोगी शेळीच्याही नाका-घशात आढळतात. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम त्यांना श्लेष्म्यासह सतत वर ढकलत असल्याने एरवी ते फुफ्फुसात टिकत नाहीत. बंदिस्त गोठ्यात मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया नेमक्या या रोमांनाच दुर्बल करतो. त्याचा उगम ओल्या जमिनीत असल्याने करडे बसतात त्या उंचीवर तो अधिक असतो; उभ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पहाटे, गोठा मोकळा करण्यापूर्वी, करडांशेजारी खाली बसून पाहावे. डोळे चुरचुरले तर हवा बिघडली आहे.

गोणपाट करडांच्या उंचीपुरतेच लावावे, छताखालील फट मोकळी सोडावी व खालचे अंथरूण कोरडे राखावे. विश्रांतीतही बरगड्या भात्यासारख्या हलणे, दूध तोडणे, १०४ अंश फॅरनहाइटवर ताप असणे अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. धापणाऱ्या करडाला मात्र काढा पाजू नये. तो श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते.