परदेशातील गळाची स्पर्धा

मुलांनो, भिवंडीजवळून कामवारी नदी वाहते. नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही कधीतरी पाहिला असेल. गळाला लागलेला मासा घरी न्यावा, ही आपली रीत. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील मासे पकडण्याच्या स्पर्धा होतात. तेथील रीत निराळी आहे.

समजा, मित्राबरोबर तुम्ही तेथे निघालात. पासपोर्ट आणि व्हिसा तर हवाच. शिवाय जाळी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायला हवी. कारण ओल्या जाळीतून एका पाण्यातील रोग दुसऱ्या पाण्यात पसरतो.

स्पर्धेत बसण्याची जागा चिठ्ठी काढून ठरते. त्यामुळे दोघे मित्र लांब लांबही बसतील. पकडलेले मासे पाण्यातच जाळीत जिवंत ठेवतात. शेवटी त्यांचे वजन करतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. ज्याच्या माशांचे वजन जास्त, तो जिंकतो.

तेथील नद्यांत १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात असे मासे पकडण्यास बंदी असते. आपल्या समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासे जगले, तरच गळ टाकता येईल. कामवारीत कचरा टाकताना कोणी दिसले, तर त्याला हे अवश्य सांगा.