गर्भाची आवरणे आणि वेळासची कासवे

बेडकाचा गर्भ पाण्यातच वाढतो. त्यास ओलावा आणि प्राणवायू सभोवारच्या पाण्यातून मिळतो. किनाऱ्याच्या वाळूत पुरलेल्या कासवाच्या गर्भास अशी सोय नसते. ती त्याच्याभोवतालची चार आवरणे करून देतात. उल्ब ही पाण्याने भरलेली पातळ पिशवी असून गर्भ तीत तरंगतो. धक्का व शुष्कता यांपासून त्याचे रक्षण होते. पीतक-कोश अन्नाचा साठा वेढून असतो. सर्वांत बाहेर जरायू. चौथी अपरापोषिका, हिचे कार्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आरंभी ती गर्भाची मलद्रव्ये साठविते. पुढे जरायूशी एकजीव होऊन कवचाच्या आतून पसरते व तिच्यातील रक्तवाहिन्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू शोषून घेतात. फुप्फुसाचेच हे काम होय.

पाठ्यपुस्तकांतून हा विषय बहुधा कोंबडीच्या अंड्यावरून शिकविला जातो, व तेथेच गैरसमजास वाव राहतो. कोंबडी आपली अंडी वरचेवर फिरविते. न फिरविल्यास आवरणे कवचास चिकटून गर्भ दगावण्याचा संभव असतो. तिच्या अंड्यातील बलक पांढऱ्या बलकाच्या दोन पिळदार दोऱ्यांनी मध्यभागी तोललेला असतो. कासवाच्या अंड्यात असे दोरे नसतात. अंडे घातल्यावर काही तासांतच गर्भाचा भाग वर येतो, त्यावरील पापुद्रा कवचास आतून चिकटतो आणि त्या जागी बाहेरून पांढरा डाग दिसू लागतो. यानंतर अंडे उलटे झाले, तर हे नाजूक बंध तुटून गर्भ मरतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर, या ज्ञानाची रोज परीक्षा होते. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते. पूर्वी ती माणसे, कोल्ही व कुत्री उकरून नेत. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने संरक्षणाचे काम आरंभिले. पहाटे मादीच्या पावलांचा माग काढून घरटे शोधावयाचे आणि अंडी कुंपणातील सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात हलवावयाची, असा क्रम असतो. त्यात घाई हवी, पण धसमुसळेपणा नको. अंड्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. कुतूहलाने अंडे हातात घेऊन फिरवून पाहणारा पाहुणा येथे कोल्ह्याइतकाच घातक ठरावा!

पुढे सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले कवच फोडतात. तत्पूर्वी उरलेला बलक त्यांच्या पोटात ओढला गेलेला असतो. समुद्रातील पहिल्या काही दिवसांची शिदोरी तीच.