मराठी वर्णमालेतून जपानी भाषेकडे

विद्येचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुणे शहरात जपानी भाषेच्या अध्यापनाला आता काही दशकांची परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि अनेक लहानमोठे खाजगी वर्ग यांतून शिकून बाहेर पडलेली मंडळी दुभाषे, भाषांतरकार व अभियंते म्हणून कामे करीत आहेत. १९८४ साली सुरू झालेल्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे केंद्रही शहरात आहे. या प्रौढ विद्यार्थ्यांच्या जोडीला आता शाळकरी मुलेही आली असून शनिवार-रविवारी त्यांच्यासाठी वर्ग भरतात.

प्रौढांसाठी आखलेली पद्धत मुलांच्या वर्गात जशीच्या तशी चालत नाही. प्रचलित पाठ्यपुस्तकांतील स्पष्टीकरणे बहुधा इंग्रजीत असतात आणि आरंभीचे उच्चार रोमन लिपीत दिलेले असतात. मराठी माध्यमाच्या मुलाला त्यामुळे एका परक्या भाषेसाठी दुसरी परकी भाषा ओलांडावी लागते. वस्तुतः हा वळसा अनावश्यक आहे. जपानी भाषेची पहिली पायरी चढण्यास लागणारे बरेचसे साहित्य त्या मुलाजवळ आधीच असते.

लिपीपासूनच पाहावे. जपानी मुले प्रथम जी ‘हिरागाना’ लिपी शिकतात तिच्यात ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ या पाच स्वरांनी सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. हा क्रम मराठी कानाला ओळखीचा वाटतो, याचे कारण तो संस्कृत वर्णमालेवरून आलेला आहे. सन ८०६ मध्ये चीनहून परतलेले कूकाई हे बौद्ध भिक्षू सिद्धम लिपीचे ज्ञान जपानात घेऊन आले. त्या अध्ययनपरंपरेतून पुढे जपानी अक्षरांची ही मांडणी सिद्ध झाली. च-वर्गाच्या जागी ‘सा’ आणि प-वर्गाच्या जागी ‘हा’ का, असा प्रश्न चौकस मूल विचारतेच. प्राचीन काळी या अक्षरांचे उच्चार अनुक्रमे च आणि प यांच्या जवळचे होते, हे त्याचे उत्तर. ‘का’ या अक्षरावर दोन बारीक रेघा दिल्या की ‘गा’ होतो, ‘ता’चा ‘दा’ होतो. परंतु ‘हा’चा मात्र ‘बा’ होतो. क-ग, त-द, प-ब या जोड्या पाठ असलेल्या मुलाला हे कोडे क्षणात उलगडते. रोमन लिपीतून शिकणाऱ्याला ते घोकावे लागते.

उच्चारांतही मराठीची मदत मोठी आहे. ‘ता’च्या ओळीतील दुसरे अक्षर ‘चिंच’मधील चि आणि तिसरे ‘चूल’मधील चु. च चे हे दोन्ही उच्चार मराठी मूल घरीच शिकलेले असते, आणि त्सुनामी या शब्दाचा आरंभ चुलीच्या च ने करावयाचा, एवढे सांगितले तरी पुरते.

वाक्यरचना तर याहून जवळची. क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीची खूण नामाच्या मागून लागते. ‘पुणे कारा तोक्यो मादे’ म्हणजे पुण्यापासून टोकियोपर्यंत. ‘इकिमासु’ म्हणजे जातो किंवा जाते. ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का?’ हा ‘का’ ऐकून वर्गात हशा पिकतो, आणि नियम पक्का बसतो. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘ताबेते मिरु’चा अर्थ अक्षरशः ‘खाऊन बघणे’. यावरून दोन्ही भाषा एका कुळातील आहेत असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात. त्याला आधार नाही. शिक्षकाने साम्याचा उपयोग करावा, वंशावळ मांडू नये.

जेथे मराठीची सवय आड येते ती स्थळेही शिक्षकास ठाऊक असली पाहिजेत. मुख्य अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘किते’ म्हणजे येऊन, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळणारी मुलेही बोलताना तो भेद फारसा करीत नाहीत. यावर टाळ्यांचा उपाय गुणकारी ठरतो: ‘किते’ला दोन टाळ्या, ‘कित्ते’ला तीन. आपल्या मात्रागणनेशी हे जुळते, पण पूर्णपणे नव्हे. आपल्याकडे ए आणि ओ नेहमी दीर्घ, जपानीत ते ऱ्हस्वही असतात. याच कारणाने देवनागरीची कुबडी फार दिवस ठेवू नये. पहिले काही आठवडे ती वापरावी व हिरागाना हाती येताच बाजूस ठेवावी.

चित्रलिपीची, म्हणजे ‘कांजी’ची, घाई मुळीच नको. जपानमधील पहिलीच्या मुलांना वर्षभरात ८० चिन्हे शिकवितात आणि २०२० पासूनच्या अभ्यासक्रमानुसार सहा वर्षांत १०२६. तेथील मुले रोज शाळेत जातात. येथील वर्ग आठवड्यातून एक-दोनदा भरतो. मोजकी चिन्हे गोष्टीसारखी सांगावीत. झाडाचे चिन्ह दोनदा काढले की राई, तीनदा काढले की अरण्य. माणसाशेजारी झाड काढले की विश्रांती. मधल्या दिवसांत विसर पडतो, हे साप्ताहिक वर्गाचे खरे दुखणे. त्यासाठी घरी रोज दहा मिनिटे वाचन हवे. वर्गात ‘कामीशिबाई’, म्हणजे चित्रांचे कागद एकामागून एक सरकवीत सांगितलेली कथा, उपयोगी पडते. पिंगुळीची चित्रकथी परंपरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

हे सर्व शहरापुरतेच राहावे असे नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत २०१९ साली मुलांना कोणती परकीय भाषा शिकावयाची आहे असे विचारण्यात आले. यंत्रमानव व तंत्रज्ञान यांच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली. शाळेजवळ ना पुस्तके होती ना त्या भाषेचा शिक्षक. तेथील शिक्षकांनी इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची साधने यांच्या साहाय्याने आरंभ केला. २०२० मध्ये एका जाणकाराने दूरस्थ वर्ग घेऊन त्यांना हातभार लावला.

अशा प्रत्येक शाळेत पुण्याहून शिक्षक पाठविणे शक्य होणार नाही. मात्र मराठीतून समजावणारी एखादी लहान पुस्तिका निश्चितच पाठविता येईल. तिच्यात हिरागानाची ४६ अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने, चुलीचा च, टाळ्यांचे पाठ आणि विभक्तींची जुळणी एवढे असले तरी पहिल्या वर्षाला पुरेल. ती लिहू शकतील असे अनुभवी शिक्षक पुण्यात आहेत. ती छापून शाळांपर्यंत पोहोचविण्याचे काम जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग करू शकतील.