तुटक रेषेवरून शेताची वाट जाते

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले जुने गावनकाशे आणि टोपोशीट स्कॅन करून त्यांवरच्या रेषा संगणकाकडून व्हेक्टरमध्ये उतरवून घेणं हे माझं काम. भरीव रेषा संगणक सहज ओढतो, अडतो तो तुटक रेषेपाशी. आणि शेतात जायची वाट नकाशावर बहुतेक वेळा तुटकच असते. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

१. रेषा एकेरी की दुहेरी, हे सगळ्यात आधी पाहा. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पाणंद रस्त्यांच्या सरकारी व्याख्येत गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा, तर पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. म्हणजे ३३ फुटी साखळीच्या हिशेबात एक किमान अर्धी साखळी आणि दुसरा पाव साखळी. संगणक फटी बुजवून रेषा बारीक करताना शेजारच्या दोन तुटक रेषा मिसळून एक करून टाकतो. तेवढ्याने कागदावर गाडीमार्गाचा पायमार्ग होतो. ज्याच्या शेतातून सोयाबीन ट्रॅक्टरने बाहेर काढायचं आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

२. फट किती सांधायची, याचा आकडा अंदाजाने टाकू नका. एक इंचाला ६६० फूट अशा प्रमाणाचा नकाशा ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तर एक पिक्सेल २.२ फुटांचा होतो. साडेसोळा फुटांचा मार्ग प्रमाणात काढलेला असेल, तर त्याच्या दोन बाजूंमध्ये साडेसात पिक्सेलच उरतात. उलट, एकाच रेषेच्या दोन तुकड्यांमधली फट कागदावर एक मिलिमीटरची असली, तरी ती बारा पिक्सेल भरते. सगळीकडे सारखी शाई फुगवून फटी बुजवायला गेलात, तर रेषा सलग होण्याआधी तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. ६०० डीपीआयवर स्कॅन केल्याने हे सुटत नाही, कारण दोन्ही अंतरं सारखीच दुप्पट होतात.

३. म्हणून दिशेवर भर द्या. प्रत्येक तुकडा सुटा ओळखायचा, त्याची लांबी आणि कल काढायचा आणि तो ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला पुढचा तुकडा शोधायचा. दोन्ही तुकडे एकमेकांना सर्वांत जवळचे आणि सरळ रेषेत वाटले, तरच जोडायचे. वळणावर शेवटचे दोन-तीन तुकडे मिळून दिशा ठरवावी. नुसत्या ठिपक्यांना दिशाच नसते, तिथे एका ओळीत निदान तीन ठिपके दिसल्याशिवाय रेषा मानू नये. दुहेरी मार्गाच्या दोन्ही बाजू आधी स्वतंत्र ओढाव्यात आणि त्या समांतर आहेत याची खात्री झाली, की मधली रेषा काढून प्रकाराच्या रकान्यात ‘गाडीमार्ग’ लिहावं.

४. अक्षरं आधी बाजूला काढा. देवनागरी नावांची शिरोरेखा संगणकाला तुटक रेषेचा तुकडा वाटते आणि तो गावाच्या नावातून वाट काढतो. निजामकालीन उर्दू नोंदी असलेल्या नकाशांवर नुक्ते ठिपक्यांच्या ओळीत जाऊन बसतात. घड्यांच्या खुणांचंही तेच. दुसऱ्या भाषांसाठी केलेली अक्षरं पुसायची सोय आपल्या लिपीवर तशीच्या तशी चालेल असं समजू नका.

५. ‘डाग पुसा’ हे बटण हद्दींची कामं होईपर्यंत दाबू नका. टोपोशीटवर हद्दी रेघ आणि ठिपका यांच्या ठरावीक क्रमाने काढलेल्या असतात. बारीक ठिपके डाग समजून पुसले गेले, की उरलेल्या रेघा पायवाटेसारख्या दिसतात.

हद्दीच्या रेषेसोबत नकाशाच्या मोजणीचं सालही नोंदवा. आपल्या भागात हे फार गरजेचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे बीदर जिल्ह्याचे तालुके होते आणि किनवट आदिलाबादमध्ये होतं. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ आणि भैंसा ही मंडळं त्याच वेळी आंध्रात गेली. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, १९५६ ते १९८२ मधल्या शीटवर तिथे बहुतेक उस्मानाबाद असणार. साल न लिहिलेली हद्द आजच्या हद्दीवर टाकली, की चूक मोजणीची की इतिहासाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

६. किल्लारी परिसराच्या जुन्या नकाशांवर वाटा जुन्या गावठाणाकडे जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी बसवली गेली. तरी त्या वाटा उपग्रहचित्रावरच्या नव्या वस्तीकडे वळवू नका. शेतं होती तिथेच आहेत आणि वाटांच्या नोंदी त्या शेतांशी बांधलेल्या आहेत. आजचे रस्ते वेगळ्या थरात काढा.

७. यंत्राने सांधलेला तुकडा आणि मुळात शाईने काढलेला तुकडा यांसाठी वेगळा रकाना ठेवा. कागद फाटल्यामुळे किंवा शाई उडाल्यामुळे मोठी फट असेल, तर ती फटच ठेवावी. तिथून पुढे वाट कुठे जात होती, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारता येतं आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या मूळ नकाशाशी ताडून पाहता येतं. संगणकाने ती एकदा गुळगुळीत जोडून टाकली, की विचारायचं कुणाला सुचतच नाही.

आपण काढलेली फाइल हा मोजणीचा पुरावा नव्हे. वाद निघाला, तर भूमी अभिलेखची प्रमाणित नक्कलच लागते. पण बांधावर उभ्या असलेल्या दोन भावांच्या हातातल्या मोबाइलवर आधी आपलीच रेषा दिसणार आहे. तेव्हा काम हातावेगळं करण्याआधी प्रत्येक गावाच्या दुहेरी तुटक रेषा मूळ स्कॅनवर ठेवून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, ही हात जोडून विनंती.